दारवान हवा, वही नको

१९६५ सालच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर सोळा वर्षांच्या एका मुलानं एका लहानशा दुकानातून नग्न स्त्रियांची छायाचित्रं असलेली दोन मासिकं विकत घेतली. दुकान सॅम गिन्सबर्ग आणि त्याची बायको चालवत. हीच मासिकं एखाद्या प्रौढ गिऱ्हाइकाला विकली असती तर कुणी हरकत घेतली नसती. पण सतरा वर्षांखालच्यांना ती विकणं न्यूयॉर्कच्या कायद्यानं गुन्हा होतं, आणि गिन्सबर्ग त्यात अडकला. मुलाला दुकानात पाठवलं होतं ते त्याच्या आईनंच, दुकानदारावर खटला भरता यावा म्हणून. निकालाला विरोध करणाऱ्या एका न्यायमूर्तींनी हा तपशील मुद्दाम नोंदवून ठेवला आहे.

खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि १९६८ मध्ये गिन्सबर्गचा दोष कायम झाला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलेल्या निकालाचं सार असं, की मोठ्यांच्या दृष्टीनं जे अश्लील नाही, तेही मुलांच्या हाती देऊ नये असं कायदा म्हणू शकतो. मुलांवर अशा चित्रांचा वाईट परिणाम होतो हे शास्त्रानं सिद्ध केलंय का, या प्रश्नावर न्यायालयानं आडपडदा ठेवला नाही. ठाम पुरावा नाही, पण विधिमंडळाला तसं वाटलं तर त्यात अविचार नाही, असं ते म्हणालं. आणखी एक गोष्ट या निकालाबद्दल बोलताना बहुतेक जण विसरतात. आईवडिलांना वाटलं तर तीच मासिकं त्यांनी स्वतः आणून मुलाला द्यायला कायद्याची आडकाठी नव्हती. बंदी होती ती परक्या माणसानं धंद्यापोटी ती मुलाला विकण्यावर.

मला हा निकाल पटतो. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्या माझ्या अनेक मित्रांना तो पटत नाही, म्हणून कारण सांगतो. अश्लील पाहून मूल 'बिघडतं', यातला 'बिघडतं' हा शब्द मलाही नकोसा आहे. शतकभर त्याच्या आडून बरंच काही दडपलं गेलंय. माझी हरकत साधी आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला पडद्यावर जे दिसतं ते पैसे घेऊन, कॅमेऱ्यासाठी, कापून-जोडून केलेलं असतं हे कळायला काही मार्ग नसतो. विचारणं, थांबणं, नको म्हणणं, अवघडणं, मध्येच हसू येणं हे सगळं संकलनात गेलेलं असतं. उरतं तेवढंच 'असं करायचं असतं' म्हणून त्याच्यापर्यंत पोचतं. इंग्लंडच्या बाल-आयुक्तांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तिथली मुलं सरासरी तेराव्या वर्षी पहिल्यांदा पोर्नोग्राफी पाहतात असं आढळलं. दर दहांतल्या एकानं तर ती नऊ वर्षांचं होईपर्यंतच पाहिलेली होती. नऊ वर्षांचं मूल अशा गोष्टी शोधत जात नाही, त्या त्याच्यासमोर येऊन पडतात. त्या येऊन पडू नयेत एवढी जबाबदारी त्यावर पैसे कमावणाऱ्यानं घ्यावी, या मागणीत सेन्सॉरशिप कुठे आली?

ती येते दुसऱ्या वाटेनं, आणि ती वाट गिन्सबर्गच्याही शंभर वर्षं आधीची आहे. १८६८ मध्ये इंग्लंडात हिक्लिन खटल्यात मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांनी अश्लीलतेची कसोटी घालून दिली : अनैतिक प्रभावांना ज्यांची मनं सहज बळी पडतात अशांच्या हाती हे लिखाण पडलं, तर त्यांना भ्रष्ट करण्याकडे त्याचा कल आहे का? खटला होता कॅथलिक धर्मगुरूंच्या पापनिवेदनाच्या प्रथेवर तुटून पडणाऱ्या एका प्रचारी पत्रकावर. म्हणजे ज्या कसोटीनं पुढे कादंबऱ्या, कविता, वैद्यकीय पुस्तकं तोलली गेली, तिचा जन्मच धर्मातल्या भांडणातून झाला. पण खरी मेख आहे ती 'ज्यांची मनं सहज बळी पडतात' या शब्दांत. घरातलं सर्वांत कोवळं मन शोधायचं आणि अख्ख्या समाजाचं वाचन त्या मापानं बेतायचं. शिवाय ही कोवळ्या मनांची यादी कधी मुलांपाशी थांबत नाही. १९६० साली लंडनमध्ये डी. एच. लॉरेन्सच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर'वरच्या खटल्यात सरकारी वकिलानं ज्यूरीला विचारलं होतं, की हे पुस्तक तुमच्या बायकोनं किंवा नोकरांनी वाचलेलं तुम्हाला चालेल का? ज्यूरीनं प्रकाशकाला सोडलं. त्या प्रश्नातला हक्काचा सूर मात्र विसरण्याजोगा नाही. आधी मुलं, मग बायका, मग नोकर.

त्याच पुस्तकावरून १९६४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली आणि हिक्लिनची कसोटी भारतात पक्की केली. जिथून ती आली त्या इंग्लंडात तोवर कायदाच बदलला होता. पाचच वर्षांत, १९६९ मध्ये, त्याच न्यायालयापुढे 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातली एक मराठी कथा आली. उच्च न्यायालयानं ती अश्लील ठरवली होती, सर्वोच्च न्यायालयानं लेखकाला सोडलं. केवळ लैंगिक उल्लेख म्हणजे अश्लीलता असं धरलं, तर निव्वळ धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकताच येणार नाही, हे त्या निकालात बजावलेलं आहे. आणि धार्मिक पुस्तकं ज्यांनी खरोखर वाचली आहेत त्यांना तेवढीही खात्री देता येणार नाही, ही माझी पुस्ती. हिक्लिन कसोटी आपण अधिकृतपणे सोडली ती थेट २०१४ मध्ये, अवीक सरकार खटल्यात.

याच्या पुष्कळ आधी, १९३४ मध्ये, र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला. अश्लीलतेच्या कायद्याच्या तावडीत कोण सापडतं हे समजून घ्यायला दुसरं उदाहरण नको. चोरून चित्रं विकणारा गल्ली बदलतो. अडकतो तो नाव-पत्ता छापून, दर महिन्याला, शंकेला उत्तर देणारा.

तर या कायद्याला दोन वाटा आहेत. एक हिक्लिनची, जिच्यात मुलाचं नाव पुढे करून सगळ्यांच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं जातं. दुसरी गिन्सबर्गची, जिच्यात पुस्तक राहतं आणि ते मुलाला विकणारा हात धरला जातो. पहिल्या वाटेबद्दल अमेरिकी न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी १९५७ मध्येच म्हटलं होतं, की हे डुक्कर भाजण्यासाठी घर जाळण्यासारखं आहे. मिशिगन राज्याचा तो कायदा प्रौढांनाही मुलांच्या योग्यतेचंच वाचायला लावत होता, म्हणून तो रद्द झाला. वर्तमानपत्रांतली चित्रं मुलांसाठी घातक आहेत, त्यांना आवर घाला, अशी अजय गोस्वामी यांची याचिका २००६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली, तीही याच तत्त्वावर.

इथवर प्रकरण सोपं होतं, कारण दुकानाला गल्ला होता आणि गल्ल्यावर माणूस. समोरचा पोरगेला दिसला की तो हटकू शकत होता. इंटरनेटनं गल्लाच काढून टाकला. १९९७ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं इंटरनेटवरच्या असभ्य मजकुराला वेसण घालणारा पहिला केंद्रीय कायदा मोडीत काढला. पलीकडे मूल आहे की मोठं माणूस हे कळण्याची सोय नाही, मग बंदीचा भार प्रौढांवर पडतो, हे त्याचं एक मोठं कारण. पुढची पंचवीसेक वर्षं 'मी १८ वर्षांचा आहे' या बटणावर निभावली. या बटणाइतकी निर्लज्ज तरतूद मी दुसरी पाहिली नाही. चोराला 'तू चोर नाहीस ना?' एवढं विचारायचं आणि कुलूप लावल्याचं समाधान मानायचं.

आता चित्र पालटलं आहे. लुइझियाना राज्यात २०२३ पासून अशा संकेतस्थळांना खरी वयपडताळणी सक्तीची झाली, मागोमाग बरीच राज्यं आली, आणि जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टेक्सासचा तसाच कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी उचलून धरला. ब्रिटननं २०१७ मध्ये असा कायदा करून २०१९ मध्ये तो गुंडाळला होता. २५ जुलै २०२५ पासून तिथे नव्या कायद्याखाली पडताळणी सुरू झाली, आणि ती न करणाऱ्या कंपनीला १.८ कोटी पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या दहा टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढ्यापर्यंत दंड होऊ शकतो. पहिल्याच आठवड्यात तिथे व्हीपीएनची, म्हणजे आपण कुठून पाहतो आहोत ते लपवणारी, अ‍ॅप सर्वाधिक उतरवून घेतल्या जाणाऱ्यांच्या यादीत वर जाऊन बसली. 'बघा, मुलं पळवाट काढणारच' म्हणून टाळ्या पिटायला अनेकांना तेवढं पुरलं.

मला त्या टाळ्या कळत नाहीत. पहिली गोष्ट, व्हीपीएन घेणारी सगळी मुलंच होती असं कुणी सांगितलं? आपलं ओळखपत्र अशा ठिकाणी द्यायची लाज किंवा भीती वाटणारे हजारो प्रौढ त्यांत असणार, आणि त्यांची भीती रास्त आहे, तिच्याकडे येतोच. दुसरी गोष्ट, सोळा वर्षांच्या हट्टी मुलाला कुठलाच कायदा अडवू शकत नाही. गिन्सबर्गच्या काळातही तो मोठ्या भावाची मासिकं गादीखालून काढत असेलच. कायद्याचं काम आहे नऊ वर्षांच्या त्या मुलाला वाचवण्याचं, ज्याला गणिताचा व्हिडिओ शोधताना भलतंच दिसतं. ते मूल व्हीपीएन बसवत नाही. त्याला एक साधं बंद दार पुरतं. पळवाट काढता येते म्हणून दार निरुपयोगी, हा तर्क आपण इतर कुठल्या दाराला लावत नाही. यापेक्षा गंभीर आक्षेप वेगळा आहे. पॉर्नहबसारखं नावाजलेलं संकेतस्थळ कायदा लागू होताच टेक्सासमधून, नंतर जून २०२५ मध्ये फ्रान्समधून बाहेर पडलं, म्हणजे गिऱ्हाईक कुणालाच न जुमानणाऱ्या आडबाजूच्या ठिकाणांकडे वळण्याचा धोका आहे. याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. लहान दुकानं पकडायची नियामकाची तयारी किती, यावर ते अवलंबून राहील.

आता त्या भीतीबद्दल, कारण माझं सगळं म्हणणं तिथे येऊन ठेपतं. गिन्सबर्गनं मुलाचं तोंड नीट पाहिलं असतं, वय विचारलं असतं, अगदी ओळखपत्रही मागितलं असतं, तरी पाच मिनिटांनी तो ते विसरला असता. प्रौढ गिऱ्हाईक मासिक कागदात गुंडाळून निघून गेलं असतं आणि त्यानं काय नेलं हे कुठेही लिहिलं गेलं नसतं. जुन्या दारवानाचा हा विसराळूपणा कायद्यानं कधी मागितला नव्हता, तो माणसाच्या स्वभावातून फुकट मिळत होता. नवा दारवान विसरत नाही. तो ओळखपत्राचं छायाचित्र घेतो, चेहरा तपासतो, वेळ नोंदवतो, आणि बहुतेक वेळा हे काम तिसऱ्याच कंपनीकडे सोपवतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डनं जाहीर केलं, की वयाबाबतच्या तक्रारींसाठी घेतलेली सुमारे ७०,००० वापरकर्त्यांची ओळखपत्रं त्यांच्या एका बाहेरच्या सेवा-कंपनीतून फुटली असावीत. ते तर गप्पांचं व्यासपीठ. माणूस एकांतात काय पाहतो याची नावनिशीवार वही जेव्हा फुटेल तेव्हा काय होईल? पैशांची माहिती चोरीला गेली तर खातं बदलता येतं. इच्छांची यादी बाहेर आली तर काय बदलणार? जो आपलं समलैंगिकत्व घरी सांगू शकलेला नाही, ज्याचा वरिष्ठ त्याला पाण्यात पाहतो, जी घटस्फोटाच्या खटल्यात उभी आहे, त्यांच्यासाठी ती वही म्हणजे कायमचं हत्यार.

म्हणून माझी अट : दारवान हवा, वही नको. ही कविकल्पना नव्हे. फ्रान्सनं मे २०२४ च्या कायद्यानंतर आखलेल्या नियमांत दुहेरी अनामिकतेची व्यवस्था आहे. वय तपासणाऱ्या संस्थेला माणूस कुठल्या संकेतस्थळावर चालला आहे ते कळत नाही, आणि संकेतस्थळाला माणूस कोण ते कळत नाही, फक्त 'अठरा पूर्ण' एवढा दाखला मिळतो. युरोपीय आयोगानं जुलै २०२५ मध्ये याच धर्तीच्या अ‍ॅपचा नमुना पुढे ठेवला आणि पाच देशांत त्याची चाचणी ठरवली. म्हणजे तंत्र आहे. कायद्याचं बोट मात्र योग्य शब्दावर पडायला हवं. 'माहिती तपासणीनंतर नष्ट करावी' असं लिहिलं की ती आधी गोळा होते, आणि नष्ट झाली की नाही हे तुम्ही-आम्ही कधीच पाहू शकत नाही. लिहायला हवं ते असं, की माणूस आणि ठिकाण यांची सांगड कुणाच्याच हातात एका क्षणासाठीही येता कामा नये. टेक्सासचा कायदा माहिती ठेवू नका म्हणतो आणि तिथेच थांबतो. मला ते अपुरं वाटतं.

दुसरी अट व्याख्येची. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यानं २०२४ मध्ये ग्रंथालयांना सांगितलं, की अल्पवयीनांना अपायकारक पुस्तकं त्यांच्यापासून वेगळी ठेवा, नाहीतर पालक दावा लावू शकतील. डॉनेली नावाच्या गावच्या चिमुकल्या ग्रंथालयात वेगळी खोली काढायला जागाच नव्हती. शेवटी त्यांनी ग्रंथालयच प्रौढांपुरतं केलं. मुलांनी आत यायचं तर आईवडिलांची लेखी संमती. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. 'अपायकारक' हा शब्द एकदा सैल सोडला की तो दृश्य पोर्नोग्राफीवर थांबत नाही. शरीरशास्त्राच्या पुस्तकापाशी जातो, दोन पुरुषांच्या प्रेमाच्या गोष्टीपाशी जातो, मासिक पाळीच्या माहितीपाशी जातो. व्यापारी हेतूनं केलेलं, उघड लैंगिक क्रियांचं दृश्य चित्रण एवढ्यालाच हा कायदा लागू असावा. शब्दांना, पुस्तकांना, शिक्षणाला नाही.

आणि मग भारत. आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६७ आणि ६७-अ अश्लील आणि उघड लैंगिक मजकूर इंटरनेटवर प्रसिद्ध करणं हाच गुन्हा मानतात, पाहणारा आठ वर्षांचा असो की ऐंशीचा. २०१५ च्या जुलैअखेर सरकारनं ८५७ संकेतस्थळं बंद करायला सांगितली आणि ओरड होताच पाऊल मागे घेतलं. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ बंद झाली. नावात एखादं अक्षर बदलून त्यांतली अनेक परत आली. या सगळ्यात मुलाला काय मिळालं? जे दुकान अस्तित्वातच नाही असं कायदा मानतो, त्याच्या दारावर कायदा दारवान कसा उभा करणार? ओटीटीच्या मालिकांना २०२१ च्या नियमांनी वयोगट लावले, प्रौढांच्या मजकुराला वयपडताळणी सांगितली. पण ज्याची खरी काळजी आहे तो मजकूर कागदोपत्री हद्दपार, म्हणून त्याला नियमच नाहीत. मांजर डोळे मिटून दूध पितं तशी ही सर्वांसाठीची बंदी. मुलांसाठी खरं दार हवं असेल तर आधी प्रौढांच्या खासगी पाहण्याला कायद्यात जागा द्यावी लागेल. हे बोलायची राजकीय हिंमत कुठल्याच पक्षात नाही, याची मला कल्पना आहे.

वयाबाबतचा आपला गोंधळही बघण्यासारखा होता. भारतीय दंडविधानाच्या कलम २९३ नुसार वीस वर्षांखालच्याला अश्लील वस्तू विकणं हा अधिक कडक शिक्षेचा गुन्हा होता. अठराव्या वर्षी मतदानाचा हक्क १९८९ मध्ये आला, पण ही विशी तशीच राहिली, ती जुलै २०२४ मध्ये न्याय संहिता लागू होईपर्यंत. एकोणीस वर्षांची विवाहित स्त्री खासदार निवडायला सज्ञान आणि मासिक विकत घ्यायला कोवळी. आपल्या कायद्यात या विषयावरचं सर्वांत नेमकं कलम माझ्या मते पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, आहे. लैंगिक हेतूनं मुलाला अश्लील चित्रण दाखवणं हा तिथे दाखवणाऱ्याचा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. वस्तूवर बंदी न घालता मुलापुढे ती धरणारा हात धरायचा, ही गिन्सबर्गचीच रीत.

लैंगिक शिक्षणाचा विषय मी इथे थोडक्यात सोडतो, कारण त्यावर सगळेच बोलतात. २००७ मध्ये ज्या राज्यांनी शाळांतला पौगंडावस्था शिक्षणाचा कार्यक्रम रोखला, त्यांत महाराष्ट्र होता. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रणाबद्दलच्या निकालात सर्वंकष लैंगिक शिक्षणाचा आग्रह धरला. मधल्या सतरा वर्षांत मुलांनी उत्तरं कुठून घेतली, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाले. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळून घेतलेली संमती हवी, असं ते सांगतात, आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना दीड वर्षाची मुदत आहे. म्हणजे वय आणि नातं तपासण्याची यंत्रणा या देशात याच काळात उभी राहते आहे, अश्लीलतेचा शब्दही न उच्चारता. एकदा उभी राहिली की तिचा पुढचा उपयोग कशासाठी होईल हे ब्रिटन आणि टेक्सासकडे पाहून ओळखता येतं. तेव्हा वयाचा दाखला मागणारी ती चौकट पहिल्यांदा तुमच्या पडद्यावर येईल, तेव्हा ती तुमचं वय कसं तपासते याच्या आधी ती काय लिहून ठेवते ते विचारा. उत्तर कोण देईल ते कंपनीनं जाहीर करावं, असं ते नियम सांगतात. विचारायचं काम मात्र तुमचं.